ताजं मशरूम : किती दिवस ठेवायचं, कधी फेकायचं?

ढिंगरी मशरूम लावायचं कसं, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आपल्या ढोकी भागात सोयाबीनची गुळी भरपूर, त्यामुळे माल काढणं फार अवघड नाही. पैसा बुडतो तो तोडणीनंतर.

मशरूममध्ये जवळपास 90 टक्के पाणी असतं आणि तोडल्यावरही त्याचं श्वसन चालूच राहतं. ढीग करून बादलीत भरलं की ते आतून तापतं, घाम सुटतो आणि जंतूंना आयतं घर मिळतं. म्हणून सकाळी लवकर तोडा, सावलीत पसरा, गार होऊ द्या. आणि धुवू नका! गुळी चिकटली असेल तर देठाचा तेवढा भाग कापा, बाकी ब्रशने झटका.

मग लगेच फ्रिज, 2 ते 4 अंशांवर. असं ठेवलं तर ढिंगरी साधारण तीन-चार दिवस, बटन आठवडाभर चांगलं राहतं. उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर एक दिवससुद्धा भरवसा नाही. पिशवी कागदी घ्या, नाहीतर भोकं पाडलेली. पुष्कळ जणांना वाटतं, हवाबंद केलं की माल ताजा राहतो. उलट होतं. आतला ऑक्सिजन संपतो आणि बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष वासावरून कळेलच असं नाही. धाराशिव-लातूरला माल नेताना थर्मोकोलच्या डब्यात बर्फ ठेवा, पण बर्फाचं पाणी मशरूमला लागू देऊ नका.

आता खराब माल ओळखायचा कसा? बोट फिरवा. बुळबुळीत, तार सुटल्यासारखं लागलं तर गेलं. आंबट किंवा अमोनियासारखा उग्र वास, काळे ओले डाग, हिरवी बुरशी, पिशवीच्या तळाला पाणी, यातलं काहीही दिसलं की फेका. कडा नुसत्या सुकल्या असतील आणि वास चांगला असेल तर घरी भाजीला चालतं, पण विकू नका. ढिंगरीच्या देठावर पांढरा कापसासारखा थर येतो, तो बहुतेक वेळा तिचाच तंतू असतो. विषारी नाही, पण माल जुना होत चाललाय हे समजा. शिवाय गिऱ्हाईक त्याला बुरशीच म्हणणार, आणि त्याचंही काही चुकत नाही.

"शिजवल्यावर सगळं मरतं," हे ऐकू नका. जंतू मरतात, पण काहींनी आधी सोडलेलं विष शिजवूनही जात नाही. आपल्याकडे बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा मशरूम खातायत. एकाचं पोट बिघडलं तर अख्खी गल्ली बंद होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत न विकलेली ढिंगरी चांगली असतानाच वाळवायला घाला. 10 किलो ओल्याचे साधारण 1 किलो होतात. बिघडलेलं वाळवून ते चांगलं होत नाही. प्रत्येक पिशवीवर तोडणीची तारीख मार्करने लिहा, म्हणजे फ्रिज उघडला की आधी कुठली काढायची ते दिसतं.