शासकीय मजकूर आणि संगणकावरील मांडणी

टंकलेखन यंत्रावर कागदावर जे उमटले तेच अंतिम असे. समास किती सोडावयाचा, परिच्छेद कोठून सुरू करावयाचा, विवरणपत्रातील रकाने एका रेषेत कसे आणावयाचे, हे सारे टंकलेखक स्पेसच्या दांडीने आणि टॅबच्या कळीने साधीत असे. एकदा साधलेली मांडणी कागद फाटेपर्यंत हलत नसे. संगणकावरील मजकुराचे तसे नाही. पडद्यावर दिसणारे पान हे कायमचे पान नसते. साठविलेला मजकूर आणि त्यासोबतच्या सूचना यांवरून संगणकाने त्या क्षणी रचलेले ते एक चित्र असते. दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या फॉन्टच्या आधारे किंवा दुसऱ्या प्रिंटरसाठी तेच चित्र नव्याने रचले जाते. यंत्र बदलले, परंतु हाताची सवय टंकलेखन यंत्राचीच राहिली. कार्यालयांतून मांडणीविषयी जे त्रास नित्य अनुभवास येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ येथे आहे.

हे त्रास सर्वांच्या परिचयाचे आहेत. तालुक्याच्या कार्यालयात नीटनेटके दिसणारे परिपत्रक ग्रामपंचायतीच्या संगणकावर उघडताच स्वाक्षरीचा मजकूर एकटाच पुढील पानावर जातो, विवरणपत्राचे रकाने विस्कटतात, अनुक्रमांक मध्येच पुन्हा एकपासून सुरू होतात. कधी कधी तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उभी राहते. अशा वेळी चार स्पेस वाढवून किंवा दोन एंटर काढून वेळ निभावून नेली जाते. काम तेवढ्यापुरते भागते, मात्र पुढच्या संगणकावर तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. ग्रामसभेचे ठराव, कर आकारणीचा नमुना ८, लाभार्थ्यांच्या याद्या आणि शासन निर्णय हे सारे मराठीत लिहिले जाते व पुढे अनेक हातांतून जाते. त्या प्रवासात एखाद्या अटीचा अनुक्रमांक सरकला किंवा यादीतील नाव शोधूनही सापडेनासे झाले, तर त्याचे परिणाम प्रत्यक्ष माणसाला भोगावे लागतात.

न दिसणाऱ्या खुणा

प्रत्येक स्पेस, प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एंटर ही संगणकाच्या दृष्टीने एक खूण असते. ती पडद्यावर सहसा दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबल्या असता या खुणा प्रकट होतात. ठिपका म्हणजे स्पेस, बाण म्हणजे टॅब आणि उलट्या ‘पी’सारखे चिन्ह म्हणजे परिच्छेदाचा शेवट. मांडणी बिघडलेला मजकूर हाती आल्यावर काहीही दुरुस्त करण्यापूर्वी या खुणा पाहाव्यात. रोगाचे निदान बहुधा तेथेच होते. ‘प्रति’ आणि ‘विषय’ यांच्यामध्ये अकरा एंटर किंवा रकमेच्या रकान्यापूर्वी सतरा स्पेस आढळल्या, की तो मजकूर दुसऱ्या संगणकावर का विस्कटतो हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक फॉन्टमध्ये स्पेसची रुंदी निराळी असते. फॉन्ट बदलताच सतरा स्पेसनी साधलेली रेषा वाकडी होते.

परिच्छेदाच्या शेवटच्या चिन्हाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे. त्या परिच्छेदाचा समास, ओळींमधील अंतर, मध्यभागी की डावीकडे, या सर्व सूचना त्या चिन्हातच साठविलेल्या असतात. म्हणून दोन परिच्छेदांमधील चिन्ह पुसले गेले, की परिच्छेद एकत्र होतात आणि त्यांपैकी एकाची मांडणी नाहीशी होते. ‘संगणकाने आपोआप मांडणी बदलली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हे पुसलेले चिन्ह असते. उभ्या पानांच्या मजकुरात एखादे आडवे विवरणपत्र घातले असता त्यासाठी विभाग पाडावे लागतात. त्या विभागाची खूण पुसली गेल्यास तिच्या अलीकडचा मजकूर पलीकडच्या विभागाचे रूप घेतो. अहवालाची सर्व पाने अचानक आडवी होतात ती यामुळे.

रूप नव्हे, स्थान सांगावे

मथळा ठळक करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अक्षरे निवडून ती मोठी व ठळक करणे. दुसरा म्हणजे ‘हा मथळा आहे’ असे संगणकास सांगणे आणि मथळा कसा दिसावा हे एकाच ठिकाणी ठरविणे. या दुसऱ्या सोयीस स्टाईल म्हणतात. पहिल्या मार्गाने चाळीस पानी अहवालातील तीस मथळे बदलावयाचे झाल्यास तीस वेळा हात फिरवावा लागतो, आणि त्यातले दोन-तीन हमखास राहून जातात. दुसऱ्या मार्गाने एक बदल पुरतो. शिवाय अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि मथळा पानाच्या तळाशी एकटा न राहता पुढील परिच्छेदासोबत जातो. कार्यालयाने पत्र, टिपणी, परिपत्रक व इतिवृत्त यांचे चार कोरे नमुने एकदा स्टाईलसह तयार करून ठेवले, तर नव्याने रुजू झालेल्या लिपिकासही नमुन्याबरहुकूम मजकूर लिहिणे अवघड जात नाही. प्रशिक्षण वर्गात कळफलकाच्या वेगावर जेवढा भर दिला जातो, त्याचा एक दशांश जरी स्टाईलवर दिला तरी बरेच श्रम वाचतील.

जुना मजकूर चिकटविताना तो आपले मूळ रूप सोबत घेऊन येतो. चार परिपत्रकांतून उतारे घेऊन पाचवे तयार केले, की त्यात चार प्रकारचे फॉन्ट व चार प्रकारची अंतरे नांदू लागतात. ‘केवळ मजकूर’ चिकटविण्याचा पर्याय वापरल्यास मागचे रूप मागेच राहते. आधीच आलेले अनाहूत रूप काढावयाचे असल्यास मजकूर निवडून कंट्रोल व स्पेस दाबले असता अक्षरांवरील जादा संस्कार निघून जातात. कंट्रोल व क्यू दाबले असता परिच्छेदावरील जातात. मात्र मूळ स्टाईलच नीट ठरविलेली नसेल, तर या झाडलोटीने हाती फारसे लागत नाही.

अनुक्रमांकांचा धोका

मांडणीचा दोष आशयापर्यंत पोचतो तो अनुक्रमांकांच्या बाबतीत. अनुदान मंजुरीच्या एका आदेशाची कल्पना करावी. त्यात सात अटी आहेत आणि शेवटी असे वाक्य आहे की, अट क्रमांक ५ ची पूर्तता न झाल्यास अनुदान वसूल करण्यात येईल. अटींचे क्रमांक संगणकाने दिलेले आहेत, परंतु शेवटच्या वाक्यातील ‘५’ हा आकडा हाताने टंकलिखित केलेला आहे. छाननीच्या वेळी तिसऱ्या अटीनंतर एक नवी अट घालण्यात आली. अटी आपोआप आठ झाल्या व पाचवी अट सहावी झाली. वाक्यातील ‘५’ मात्र जागचा हलला नाही. आता वसुलीचा संबंध पूर्वीच्या चौथ्या अटीशी जोडला गेला. पडद्यावर काहीही बिघडलेले दिसत नाही, आणि म्हणून ही चूक स्वाक्षरीपर्यंत सुखरूप जाते.

असा क्रमांक कधीही हाताने लिहू नये. संदर्भ घालण्याची ‘क्रॉस-रेफरन्स’ ही सोय वर्डमध्ये आहे. तिच्याद्वारे घातलेला क्रमांक त्या अटीशी बांधलेला राहतो. फक्त एक दक्षता घ्यावी लागते. हे क्रमांक लगेच बदलत नाहीत. सर्व मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबावी, म्हणजे ते अद्ययावत होतात. स्वाक्षरीस पाठविण्यापूर्वीची ही शेवटची कृती ठरवून टाकणे श्रेयस्कर आहे.

मराठी अक्षरांचा प्रश्न

इंग्रजी मजकुरात न उद्भवणाऱ्या अडचणी मराठीत उद्भवतात, आणि त्यांची मुळे जुनी आहेत. आरंभीच्या काळात पुष्कळशा मराठी फॉन्टमध्ये संगणकाला मराठी अक्षर असे ठाऊकच नव्हते. संगणक इंग्रजी अक्षरांचे संकेतांक साठवी आणि फॉन्ट त्यावर देवनागरी आकार चढवी. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘राम’ हा शब्द साठविला जातो तो ‘जे’, ‘के’ आणि ‘ई’ या तीन इंग्रजी अक्षरांच्या रूपात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे रामाच्या जागी ही तीन अक्षरेच दिसतात. निरनिराळ्या संचांनी निरनिराळे संकेत वापरल्यामुळे एका संचातील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे.

भारतीय लिप्यांसाठी समान संकेतांक ठरविण्याचा प्रयत्न देशात झाला होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठविला जातो. फॉन्ट कोणताही असो, तो आकार तेवढा ठरवितो. म्हणून युनिकोडमधील मजकुराचा फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. युनिकोड म्हणजे विशिष्ट कळफलक नव्हे. इनस्क्रिप्ट, टंकलेखन यंत्रासारखा किंवा उच्चारानुसारी, यांपैकी कोणत्याही कळफलकाने युनिकोड लिहिता येते. टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन तीस वर्षे काम केलेल्या कर्मचाऱ्यास बोटांची सवय मोडावयास लावण्याचे कारण नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याची साधने उपलब्ध आहेत. तथापि त्यांच्यावर सर्वस्वी विसंबून राहता येत नाही. टंकलेखन यंत्राच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटविली जाते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. रफाराची जागाही अशीच बदलते. रूपांतरात वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाणे किंवा रफार भलत्या ठिकाणी बसणे हे दोष यातून होतात. मजकुरातील चूक वाचणाऱ्याच्या लक्षात येते. नावातील चूक मात्र नाव ठाऊक असलेल्यालाच कळते. याद्या रूपांतरित केल्यावर त्या मूळ प्रतीशी नावागणिक ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

युनिकोड स्वीकारल्यानंतरही मराठीची एक खास अडचण उरते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. दुसऱ्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त येतो. कागदावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव यादीत दोन्ही प्रकारे लिहिले गेले असेल, तर साध्या शोधात एका प्रकारची नावे सापडतात व दुसरी सापडत नाहीत. शोधणाऱ्यास मात्र यादी पूर्ण पाहिली असेच वाटते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ या कळीने ऱ मिळतो. कार्यालयाने तेच रूप ठरवून घ्यावे आणि जुन्या मजकुरात ‘शोधा व बदला’ या सोयीने एकरूपता आणावी. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तत्पूर्वी तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जाई आणि अजूनही अनेक ठिकाणी तसा लिहिला जातो. ‘ॲड.’ लावलेल्या नावांचा शोध घेताना याचा अनुभव येतो.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे निराळी आहेत. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी शासन निर्णय काढून मराठी वळणे निश्चित केली. संकेतांक एकच असल्यामुळे कोणते वळण दिसावे हे फॉन्टवर अवलंबून राहते. काही फॉन्ट मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली असता मराठी वळण दाखवितात. ही नोंद करण्यास दोन क्षण लागतात, परंतु ती सहसा केली जात नाही.

ओळी, तक्ते आणि पाने

वर्डमध्ये इंग्रजीसाठी आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी फॉन्ट व आकार वेगवेगळे नोंदविलेले असतात. एकच नोंद बदलली, तर मराठी मजकुरातील इंग्रजी आकडे लहान किंवा निराळ्या वळणाचे दिसतात. मूळ स्टाईलमध्ये दोन्ही नोंदी एकदम कराव्यात. ओळींमधील ‘एकेरी’ अंतरही फॉन्टनुसार बदलते, म्हणून फॉन्ट बदलताच सहा पानांची सात पाने होतात. त्यावर उपाय म्हणून काही जण नेमके अंतर ठरवून देतात. ते कमी पडल्यास रफार, वेलांट्या व अनुस्वार वरून छाटले जातात, आणि ‘कार्य’चे ‘काय’ होते.

रकान्यांसाठी टॅब व स्पेस न वापरता तक्ताच घालावा. तक्त्याची पहिली ओळ प्रत्येक पानावर पुन्हा यावी अशी सूचना देता येते. ती न दिल्यास नऊ पानी यादीतील सातव्या पानावर कोणता रकाना कशाचा हे वाचणाऱ्यास कळत नाही. नवे पान हवे असल्यास एंटर दाबीत न बसता कंट्रोल व एंटर दाबावे. पानाचा आकार ए-४ आहे की लेटर, हेही एकदा तपासावे. ए-४ हा २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, तर अमेरिकेतील लेटर आकाराची उंची २७९ मिलिमीटरच्या आसपास असते. हा आकार चुकून राहिला, की तळाच्या दोन-तीन ओळी प्रत्येक पानावर पुढे ढकलल्या जातात व स्वाक्षरीचा मजकूर शेवटी एकटा पडतो.

केवळ वाचण्यासाठी पाठवावयाचा मजकूर पीडीएफ स्वरूपात, फॉन्ट अंतर्भूत करून पाठवावा. त्यातील मांडणी कोणत्याही संगणकावर बदलत नाही. ज्या विवरणपत्रात खालच्या कार्यालयाने माहिती भरावयाची आहे, ते मात्र मूळ स्वरूपातच पाठविणे भाग असते. पीडीएफमध्ये आलेले कोरे विवरणपत्र ग्रामपंचायतीस पहिल्या रकान्यापासून पुन्हा टंकलिखित करावे लागते.