टायर असमान का झिजतो? खानदेशातील वाहनांच्या चाकांची तपासणी

धुळे येथे दोन मोठे राजमार्ग एकमेकांस मिळतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जातो, तर दुसरा सुरतेहून जळगाव, भुसावळमार्गे नागपूरकडे जातो. पूर्वीचे ३ व ६ हे क्रमांक आता बदलले असून नाशिक ते धुळे ६०, धुळ्याहून इंदूरच्या दिशेने ५२ आणि सुरत-नागपूर मार्गास ५३ असे क्रमांक आहेत. रावेर-यावलची केळी, कपाशीच्या गाठी, शाळेची मुले आणि दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण या सर्वांचा प्रवास याच मार्गांवरून व त्यांना येऊन मिळणाऱ्या ग्रामीण रस्त्यांवरून होतो. तापी खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीवरचा रस्ता त्यामुळे लवकरच उंचसखल होतो आणि डांबराच्या कडेची साइडपट्टी खचते. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देताना चाक त्या कडेवरून खाली आदळले की स्टिअरिंगच्या जोडांना धक्का बसतो. तो चालकाला त्या दिवशी जाणवतोच असे नाही. दोन-तीन महिन्यांनी टायर मात्र त्याची साक्ष देतो.

कार्यालयीन वाहनांच्या बाबतीत सर्वसाधारण क्रम असा दिसतो: टायर झिजला, मागणीपत्र गेले, जुन्याचे निर्लेखन झाले, नवा टायर बसला. मधला प्रश्न, म्हणजे तो एकाच बाजूने का झिजला, हा कोणी विचारीत नाही. परिणामी नवा टायरही त्याच वाटेने जातो. यात शासकीय पैसा जातो हे खरेच. परंतु त्याहून गंभीर बाब अशी की वरून धडधाकट दिसणाऱ्या टायरची आतली कड दोऱ्यांपर्यंत उघडी पडलेली असते आणि ती उभ्या गाडीत सहसा दृष्टीस पडत नाही. मे महिन्यात जळगावचे तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाते. तशा उन्हात, भरल्या गाडीत, असा टायर वेगात फुटला तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

तपासणीचा आरंभ यंत्रापासून नव्हे, हवेपासून करावा. हवेचा दाब सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावा व तो वाहनाच्या दारावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. टायरच्या बाजूस कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. हा घोटाळा अनेक ठिकाणी आढळतो. तापमान दहा अंशांनी वाढले की मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे एक ते दीड पौंडाने वाढतो. म्हणून डिसेंबरातील पहाटे भरलेली हवा मे महिन्यात तपासावीच लागते. मात्र दुपारी तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. ती सोडली तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते, टायर अधिक दबतो आणि पुढच्या फेरीत अधिकच तापतो.

आता झीज कशी वाचावी ते पाहू. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मध्य झिजला व कडा राहिल्या, तर ती जास्त होती. या दोन्ही प्रकारांत अलाइनमेंटचा दोष धरण्याचे कारण नाही. झीज एकाच कडेची असेल तर मात्र चाकाच्या कोनांकडे वळावे लागते.

हे कोन तीन. गाडीसमोर उभे राहून पाहिले असता चाक वरच्या अंगाने आत किंवा बाहेर झुकलेले असणे म्हणजे कॅम्बर. बाजूने पाहिले असता चाक ज्या अक्षावर वळते तो मागे कललेला असणे म्हणजे कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो व त्यामुळे चाक आपोआप सरळ राहू पाहते, तोच हा प्रकार. वरून पाहिले असता दोन पुढच्या चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो. कास्टरमधील फरकाने गाडी एका बाजूस ओढते, परंतु टायर फारसा झिजत नाही. कॅम्बर बिघडला तर एक कड सलग, गुळगुळीत झिजते. टायर सर्वांत लवकर ‘खातो’ तो टो.

याचे गणित साधे आहे. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर धरू. दोन चाकांच्या पुढील कडांमधील अंतर मागील कडांमधील अंतरापेक्षा ६ मिलिमीटरने जास्त असेल, तर प्रत्येक चाक सरळ रेषेपासून हजारात पाच इतके तिरके ठरते. चाक तिरके असले तरी त्याला गाडीबरोबर सरळच जावे लागते. म्हणून दर किलोमीटरमागे ते सुमारे ५ मीटर आडवे घासते. जळगाव ते धुळे या सुमारे ९० किलोमीटरांत ही आडवी घासण साडेचारशे मीटर होते. केवळ ६ मिलिमीटरांचा हा परिणाम आहे!

टोचा दोष हाताने ओळखता येतो. गाडी उभी करून टायरच्या पृष्ठावरून तळहात आडवा, बाहेरून आत व मग आतून बाहेर, हलकेच फिरवावा. तारा बाहेर आल्या नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने करवतीचे दाते लागल्यासारखे वाटले, तर टो बिघडला आहे असे समजावे. बाहेरच्या कडा अधिक झिजल्या असतील तर चाके आत वळलेली असतात, आतल्या झिजल्या असतील तर बाहेर.

मोजून पाहावयाचे असल्यास सपाट जागी पुढची चाके जॅकवर घेऊन, गाडी पक्की टेकवून, चाक फिरवीत खडूने टायरच्या मध्यावर रेघ आखावी. गाडी खाली घेऊन चार-सहा मीटर पुढे ढकलावी, म्हणजे पाटे व स्प्रिंग आपल्या जागी बसतात. मग दोन रेघांमधील अंतर जमिनीपासून सारख्याच उंचीवर पुढे व मागे मोजावे. ही चाचणी ढोबळ आहे. अखेरचे माप यंत्रावरच, वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणे लावावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना कोन समजावून देण्यास मात्र हीच चाचणी उत्तम, कारण संगणकाचा पडदा आकडा दाखवितो, कारण दाखवीत नाही.

यंत्रावर गाडी चढविण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे व नेमकी तीच टाळली जाते. उचललेले चाक वर-खाली व डावी-उजवीकडे धरून हलवावे. डावी-उजवीकडे खुळखुळले तर टाय रॉड एंड, वर-खाली खुळखुळले तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, आणि दोन्हीकडे खुळखुळले तर चाकाचे बेअरिंग संशयास्पद समजावे. सैल जोडावर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर थकला आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेले आहे. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरते, तेव्हाही प्रथम बॅलन्सिंग पाहावे. जीपगाडीचा मागचा टायर तिरका झिजू लागल्यास पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला नाही ना, हे पाहावे. अशी गाडी मागून पाहिली असता रस्त्यावर तिरकी चालताना दिसते.

गाडी डावीकडे ओढते ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो. तेव्हा किंचित डावी ओढ स्वाभाविकच होय. सपाट मोकळ्या जागी तीच ओढ राहिली तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करावी (एकाच दिशेने फिरणारे टायर असल्यास हे करू नये). ओढ दुसऱ्या बाजूस गेली, तर दोष टायरचाच. ती तशीच राहिली, तर कोनांचा किंवा अडकलेल्या ब्रेकचा. ब्रेक दाबतानाच ओढत असेल तर अलाइनमेंटवर खर्च करू नये, ब्रेक उघडावा. चाळीसगावजवळचा कन्नड घाट उतरल्यावर एकच चाक विशेष तापलेले आढळले, तर तोच संशय अधिक बळावतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. दुचाकी व तीनचाकीस ०.८ मिलिमीटर. नक्षीच्या खाचांत रबराचे लहान उंचवटे असतात, ते पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलावा. लॉगबुकात किलोमीटरची नोंद होतेच. त्याच पानावर दर महिन्यास चारही टायरांची आतली, मधली व बाहेरची खोली लिहिल्यास दोष महिनाभरात उघड होतो व मागणीपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यासही आधार मिळतो. सुमारे आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे टायर मागे व मागचे पुढे घ्यावेत. अनुदानात दोनच नवे टायर बसत असतील तर ते पुढे लावण्याचा प्रघात आहे. तो बदलावा. ओल्या रस्त्यावर मागची झिजलेली चाके आधी घसरली तर गाडी गरकन फिरते आणि स्टिअरिंगने ती सावरणे फार कठीण असते. म्हणून नवे टायर मागे बसवावेत.