जुन्या व्हिडिओ कॅसेटींची तबकडी करताना : यंत्रांची निवड

1982 साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्या निमित्ताने दूरदर्शनला रंग आला, आणि पुढील काही वर्षांत धार-देवासच्या मराठी मुलखात व आमच्या नर्मदाकाठच्या धरमपुरीसारख्या गावांतही लग्नमंडपात व्हिडिओवाला दिसू लागला. विवाह, दीक्षा-समारंभ, नव्या पेढीचे उद्घाटन, घरातील वडीलधाऱ्यांचा अमृतमहोत्सव असे कितीतरी प्रसंग त्या फितींवर उतरले. पुढे व्हीसीआर अडगळीत गेला. कॅसेटी मात्र लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर तशाच राहिल्या.

सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवराची पातळी प्रथमच 138.68 मीटर ह्या पूर्ण मर्यादेस पोहोचली. धार जिल्ह्यातील चिखलदा, निसरपूर आदी गावांत पाणी शिरले. ज्या ओट्यांवर वऱ्हाडे बसली, ज्या गल्ल्यांतून वराती निघाल्या, त्यांपैकी कित्येक आता केवळ त्या कॅसेटींतच पाहावयास मिळतील. म्हणून ह्या विषयाकडे हौस म्हणून न पाहता, मुदत भरत आलेल्या हुंडीकडे व्यापारी ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने पाहिले पाहिजे. फीत तर जुनी होतेच, परंतु तिच्याहून आधी ती वाजविणारी यंत्रे संपत आहेत. व्हीसीआर बनविणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई हिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबविले. त्यानंतर जे यंत्र मिळेल ते जुनेच.

आता प्रश्न असा की, पैसा कोठे घालावा? बहुतेक बंधू तबकडी नोंदणारे यंत्र किंवा संगणकाची जोडणी प्रथम विकत घेतात, आणि कॅसेट वाजविण्यास शेजाऱ्याचा जुना व्हीसीआर मागून आणतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आपण कपाशीचे व्यापारी. जिनिंगमध्येच तंतू तुटला तर पुढची कोणतीही सूतगिरणी तो जोडून देत नाही, हे आपणांस सांगावयास नको. कॅसेट वाजविणारे यंत्र हे ह्या कामातील जिन होय. त्याने जे उचलले नाही ते पुढे कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. दहा रुपये खर्चावयाचे असतील तर सहा-सात तेथेच घालावेत.

कारण यंत्राच्या रचनेतच आहे. व्हीएचएस कॅसेटमधील फीत सुमारे अर्धा इंच रुंद असते. चित्र तिच्यावर तिरप्या रेघांनी नोंदलेले असते. आपल्याकडील पाल पद्धतीत प्रत्येक रेघ अवघी 49 मायक्रॉन, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही अरुंद. सेकंदाला 25 फेरे घेणाऱ्या गोल ड्रमवरील चिमुकली हेडे ह्या रेघा वाचतात. हेड झिजले असेल किंवा फितीचा मार्ग किंचित सरकला असेल, तर पडद्यावर पांढरे ठिपके व पट्टे येतात. म्हणून जुने यंत्र घेताना बाह्य झळाळी पाहू नये. आपली स्वतःची, पण कमी महत्त्वाची, एक कॅसेट बरोबर न्यावी, ती आरंभी, मध्ये व शेवटी वाजवून पाहावी, आणि बाहेर काढल्यावर फितीची कड दुमडली आहे काय हे उजेडात पाहावे. कड दुमडणारे यंत्र फुकट मिळाले तरी महाग.

शक्य असेल तर एस-व्हीएचएस जातीचे यंत्र शोधावे. त्यावर साध्या कॅसेटीही चालतात, आणि चित्राचा उजेड व रंग वेगळे ठेवणारी एस-व्हिडिओ जोडणी त्यास असते. साध्या पिवळ्या वायरीत हे दोन्ही एकत्र मिसळून जातात. काही यंत्रांत टाइम बेस करेक्टर अंतर्भूत असतो. पॅनासॉनिकचे एनव्ही-एफएस 200 हे त्यांपैकी एक. फीत ताणली गेल्याने ओळी पुढेमागे होतात, उभे खांब वाकडे दिसतात. त्या ओळी सरळ रांगेत आणण्याचे काम हा भाग करतो. तो नसेल तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस 10 किंवा 15 हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून त्यातून केवळ चित्र पुढे पाठविण्याची युक्ती जाणकार वापरतात, व ती बरीच उपयोगी पडते.

येथे माझी फजिती सांगतो. एका मोठ्या शहरातील दुकानात मी घरच्या लग्नाची कॅसेट दिली होती. तबकडी आली; पण अर्ध्या तासानंतर भटजींचे ओठ आधी हलत आणि मंगलाष्टके मागाहून ऐकू येत. दुकानदार म्हणाला, फीतच खराब आहे. नंतर कळले की, स्वस्त यूएसबी जोडणीत चित्रे गळत होती. हिशेब सोपा आहे: सेकंदास 25 चित्रे; त्यांपैकी 25 गळली आणि त्यांची जागा कोणी भरून काढली नाही, तर आवाज व चित्र ह्यांत एका सेकंदाचे अंतर पडते. म्हणून जोडणी घेताना गळलेल्या चित्रांची संख्या दाखविणारी प्रणाली संगणकात असावी, आणि पहिल्या कॅसेटीचा शेवट आवर्जून पाहावा.

संगणक न हाताळणाऱ्यांनी डीव्हीडी रेकॉर्डर घ्यावा. त्यात मला कमीपणा वाटत नाही. 4.7 जीबीच्या तबकडीवर एकच तास नोंदावा; चार तास कोंबले तर चित्राचे चौकोन पडतात. संगणक असेल तर 720 गुणिले 576 ह्या मापात, न दाबता किंवा विनाहानी दाबून नोंद करावी. न दाबलेल्या एका तासास सुमारे 75 जीबी जागा लागते. त्या मूळ नोंदीवरून मग हव्या तितक्या तबकड्या काढता येतात.

छोट्या कॅमेऱ्यांच्या कॅसेटींचा प्रकार निराळा. आठ मिलिमीटरच्या कॅसेटीस त्याच जातीचा कॅमेरा लागतो. मिनी-डीव्हीवरील नोंद मुळातच अंकीय असल्याने ती फायरवायर वायरीने जशीच्या तशी उतरवावी. पिवळ्या वायरीने उतरविणे म्हणजे मूळ दस्तऐवज हाती असताना त्याची हातनक्कल करीत बसणे.

आणखी एक सावधगिरी. नदीकाठच्या दमट हवेत फितीवर बुरशी येते. कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती चांगल्या यंत्रात मुळीच घालू नये. मी घातली, आणि हेडे साफ होईपर्यंत पुढच्या दोन कॅसेटीही डागाळल्या. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराकडून स्वच्छ करवावी. निरोगी कॅसेटही वाजविण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणावी.

तबकडीवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. घरी भरलेल्या तबकडीतील रंगद्रव्य ऊन व उष्णता ह्यांनी उडते, आणि सोनीने तर फेब्रुवारी 2025 मध्ये नोंदण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनच बंद केले. एक प्रत तबकडीवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे असावी. काम झाल्यावर मूळ कॅसेट फेकू नये. उद्या अधिक चांगले यंत्र हाती आले तर तीच पुन्हा लागेल.

आमच्या पेटीतील एक कॅसेट अद्याप राहिली आहे. ती अमेरिकेतील भाच्याने पाठविलेली. तेथील पद्धत एनटीएससी, 525 ओळींची व सेकंदास सुमारे 30 चित्रांची. आपल्याकडील कित्येक व्हीसीआर ती वाजवितात, पण तिचे रूप बदलून, दूरचित्रवाणी संचास चालेल असे करून. आणि तशी नोंद पुष्कळ जोडण्या नीट स्वीकारीत नाहीत. खरी एनटीएससी बाहेर देणारे यंत्र मी शोधतो आहे. कोणा बंधूच्या माळ्यावर परदेशातून आणलेले असे यंत्र पडून असेल, तर त्याने एकदा धूळ झटकून पाहावी व मला निरोप द्यावा.