एक गिटार, दोन ॲम्प्लिफायर : पायाने चालणारी स्विचपेटी

साऊंड सिस्टिम भाड्याने देणारे, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे आणि वायरिंगची कामे घेणारे अनेक बंधू हे पान वाचतात. गिटार वाजवणारे गिऱ्हाईक कधी ना कधी त्यांच्याकडे एक मागणी घेऊन येते : "माझे दोन ॲम्प्लिफायर आहेत. वाजवता वाजवता पायाने बटण दाबले की आवाज एकातून दुसऱ्यात गेला पाहिजे. अशी पेटी करून द्याल का?"

ही पेटी बनवणे अवघड नाही. सोल्डरिंगचा हात बसलेला कारागीर ती एका दिवसात तयार करू शकतो. मात्र पेटी जोडल्यावर अनेकदा स्पीकरमधून "घूं" असा आवाज सुरू होतो. तो बंद करण्याचा एक सोपा पण घातक मार्ग आपल्या धंद्यात रूढ आहे. म्हणून या लेखात आम्ही आधी पेटीची जोडणी सांगणार आहोत आणि मग त्या घातक मार्गाविषयी व त्याऐवजी काय करावे याविषयी लिहिणार आहोत.

दोन ॲम्प्लिफायर कशासाठी?

प्रत्येक ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असतो. १९७५ साली बाजारात आलेला रोलँड कंपनीचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्वच्छ आवाजासाठी ओळखला जातो. मार्शल किंवा व्हॉक्सचे व्हॉल्वचे ॲम्प्लिफायर जोरात लावले की आवाज फाटू लागतो, आणि गिटारवाल्याला नेमका तोच फाटका आवाज हवा असतो. साध्या सुरावटीला पहिला आणि जोराच्या तुकड्याला दुसरा, अशी त्याची गरज असते. काहींना दोन्ही एकदम हवे असतात. अमेरिकेतील टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे वॉन एकाच वेळी अनेक ॲम्प्लिफायर लावून वाजवत असे.

येथे एक खूणगाठ बांधून ठेवावी. आपली पेटी गिटार आणि ॲम्प्लिफायरचे इनपुट यांच्या मध्ये बसते. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये ती कधीही लावू नये. चालू असलेल्या व्हॉल्व ॲम्प्लिफायरचा स्पीकर क्षणभर जरी तुटला तरी त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पेटीची जोडणी

लागणारे सामान असे : धातूची पेटी, सहा मिलिमीटरचे (पाव इंची) तीन जॅक, पायाने दाबायचे नऊ पायांचे थ्री-पीडीटी स्विच, दोन एलईडी, रेझिस्टर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात. पेटी प्लास्टिकची घेऊ नये. धातूची पेटी बाहेरची खरखर आत येऊ देत नाही.

स्विचच्या नऊ पायांचे तीन उभे रकाने असतात. प्रत्येक रकान्यात मधला पाय कधी वरच्याला, तर कधी खालच्याला जोडला जातो.

पहिला रकाना सिग्नलचा. मधल्या पायाला गिटारच्या जॅकचे टोक, वरच्याला "अ" जॅकचे टोक आणि खालच्याला "ब" जॅकचे टोक.

दुसरा रकाना शांततेचा. मधला पाय पेटीच्या ग्राउंडला जोडावा, वरचा "ब" च्या टोकाला आणि खालचा "अ" च्या टोकाला. येथे वर-खाली उलटे आहे, इकडे लक्ष असू द्यावे. यामुळे "अ" चालू असताना "ब" चे इनपुट ग्राउंड होते आणि तो ॲम्प्लिफायर गप्प बसतो.

तिसरा रकाना दिव्यांचा. मधला पाय पेटीच्या ग्राउंडला, वर-खाली एकेका एलईडीची निगेटिव्ह बाजू. प्रत्येक एलईडीच्या पॉझिटिव्ह बाजूला ४.७ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लावून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्यावा. नऊ व्होल्टमधून एलईडीचे साधारण दोन व्होल्ट वजा केले तर सात उरतात, म्हणजे दिव्याला सुमारे दीड मिलिअँपिअर मिळतो. तेवढा पुरेसा आहे.

गिटारचा जॅक स्टिरिओ घ्यावा आणि बॅटरीची निगेटिव्ह त्याच्या मधल्या कडीमार्फत ग्राउंडला न्यावी. गिटारची पिन घातली की बॅटरी चालू, काढली की बंद. वेगळे बटण लागत नाही.

दोन्ही ॲम्प्लिफायर एकदम हवे असतील तर दुसरे तसेच स्विच लावावे. त्याचा एक रकाना "अ" आणि "ब" ची टोके एकत्र जोडेल, दुसरा रकाना पहिल्या स्विचच्या शांततेच्या रकान्याची ग्राउंड तार तोडेल आणि तिसरा दोन्ही दिवे एकत्र करेल. ग्राउंड तार तोडायची विसरली तर दोन्ही ॲम्प्लिफायर एकदम गप्प होतात, आणि कारागीर उगाच जॅकमध्ये दोष शोधत बसतो.

बटण दाबताना "टक्" आवाज येऊ नये म्हणून "अ" आणि "ब" च्या टोकांपासून ग्राउंडला एकेक मेगाओहमचा रेझिस्टर द्यावा. टक् पूर्णपणे जाईलच असे नाही, पण बरीच कमी होते.

आवाज दबका होऊ नये म्हणून

गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून येणारा सिग्नल नाजूक असतो. ॲम्प्लिफायरचे इनपुट साधारण एक मेगाओहमचे असते. दोन ॲम्प्लिफायर एकत्र लागले की तेच पाचशे किलोओहम होते. शिवाय शिल्डेड केबलच्या प्रत्येक मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स धरावा. सहा-सहा मीटरच्या तीन केबल म्हणजे अठराशे पिकोफॅरड. एवढ्याने तारांची झणक मरते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो.

यावर उपाय म्हणजे पेटीत शिरताच बफर लावणे. टीएल०७२ या आयसीच्या एका भागाचे आउटपुट त्याच्याच निगेटिव्ह इनपुटला जोडावे. गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पॉझिटिव्ह इनपुटला द्यावा. दहा-दहा किलोओहमच्या दोन रेझिस्टरने बॅटरीचे निम्मे व्होल्ट काढावेत, तेथून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा आणि ते निम्मे व्होल्ट एक मेगाओहममधून त्याच पॉझिटिव्ह इनपुटला न्यावेत. आउटपुट दहा मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून काढून पहिल्या रकान्याच्या मधल्या पायाला जोडावे. तेथून ग्राउंडला शंभर किलोओहम द्यावा. आयसीचा दुसरा भाग मोकळा सोडू नये. त्याचे आउटपुट त्याच्या निगेटिव्ह इनपुटला आणि पॉझिटिव्ह इनपुट निम्म्या व्होल्टला बांधावे.

मात्र गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगून ठेवावी. बफर नसलेल्या पेटीची बॅटरी संपली तर फक्त दिवे विझतात, आवाज चालू राहतो. बफर असेल तर आवाजही जातो.

"घूं" कोठून येते?

एक ॲम्प्लिफायर लावला तर शांतता, दुसरा लावला की घूं. अशा वेळी गिऱ्हाईक पेटीला दोष देते, पण दोष पेटीचा नसतो. दोन्ही ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले असतात. आपल्या पेटीत दोन्हींच्या केबलचे शिल्ड पुन्हा एकमेकांना भेटतात. म्हणजे अर्थिंगच्या तारेचे एक मोठे वेटोळे तयार होते. आजूबाजूच्या विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामुळे त्या वेटोळ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. दोन्ही ॲम्प्लिफायरचे प्लग एकाच बोर्डवर लावावेत आणि केबल जवळजवळ न्याव्यात. वेटोळे लहान झाले की घूं कमी होते.

पक्का उपाय म्हणजे "ब" च्या वाटेवर एकास एक प्रमाणाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, दहा किलोओहम : दहा किलोओहम. स्विचकडून आलेली "ब" ची तार प्रायमरीच्या एका टोकाला, प्रायमरीचे दुसरे टोक पेटीच्या ग्राउंडला. सेकंडरीची दोन टोके "ब" जॅकच्या दोन टोकांना. "ब" जॅकचे बाहेरचे अंग धातूच्या पेटीला अजिबात लागता कामा नये. म्हणून तो जॅक प्लास्टिकचा घ्यावा किंवा इन्सुलेशनचे वॉशर घालावेत. आता सिग्नल चुंबकत्वाने पलीकडे जातो आणि तांब्याची वाट मध्येच तुटते. ट्रान्सफॉर्मर लावायचा असेल तर बफर हवाच, नाहीतर पिकअपवर भार पडून आवाज बिघडतो. टेलिफोन लाइनसाठीचे ६०० : ६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात, पण त्यांच्यातून खर्ज नीट जात नाही.

दोन्ही ॲम्प्लिफायर एकदम वाजताना आवाज वाढण्याऐवजी पोकळ झाला, तर एकाचा स्पीकर पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जात आहे असे समजावे. सेकंडरीच्या दोन तारांची अदलाबदल केली की आवाज भरतो. त्यासाठी एक छोटे स्विच बसवले तर गिऱ्हाईक खूश होते.

पिन कापू नका!

आता तो घातक मार्ग. घूं बंद करण्यासाठी अनेक जण एका ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापतात किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये घालतात. घूं लगेच थांबते. गिऱ्हाईक शाबासकी देते. पण त्याच क्षणी त्या ॲम्प्लिफायरचे संरक्षण गेलेले असते.

गिटारच्या लोखंडी तारा पिकअपच्या ग्राउंडला, ग्राउंड केबलच्या शिल्डला आणि शिल्ड ॲम्प्लिफायरच्या चेसीला जोडलेले असते. चेसीला फेज लागला आणि अर्थिंग नसेल, तर २३० व्होल्ट वादकाच्या बोटांपर्यंत येऊन थांबतात. तेवढ्यापुरते त्याला काही जाणवणारही नाही. पण त्याने गाण्यासाठी माईकला ओठ लावले किंवा हात लावला की प्रवाह त्याच्या छातीतून जातो. त्यासाठी तीस-चाळीस मिलिअँपिअरही धोक्याचे आहेत.

हे केवळ घाबरवण्यासाठी सांगत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी शहरात 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर माईकला हात लावताच शॉकने मरण पावला. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना तसाच गेला. दोन्ही ठिकाणी अर्थिंगचा दोष होता. आपल्याकडे मंडपातील तात्पुरती वायरिंग, ओली जमीन आणि जनरेटर यांमुळे धोका अधिकच वाढतो.

आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन मुद्दाम लांब आणि जाड ठेवलेली असते. प्लग घालताना ती सर्वांत आधी लागते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. वेटोळे तोडायचे ते पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरने तोडावे, विजेच्या प्लगमध्ये कधीही तोडू नये. परदेशातून आलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला दोन तारांची केबल असेल, तर आधी तिच्या जागी तीन तारांची केबल आणि अर्थिंग करून घ्यावे. चेसीच्या आत हात घालण्यापूर्वी लक्षात ठेवावे की व्हॉल्वच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतो.

पेटी देण्यापूर्वी

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून "अ" जॅकचे अंग आणि पेटी तपासावी : आवाज आला पाहिजे. मग "ब" जॅकचे अंग आणि पेटी : आवाज येता कामा नये. त्यानंतर बटण शंभर वेळा दाबून पाहावे. रंगमंचावर त्याच्यावर बुटाचा पूर्ण भार पडणार असतो.

कार्यक्रमाच्या जागी प्रथम सॉकेट तपासावे. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी थोडे. मग सर्व यंत्रे चालू करून गिटारची तार आणि माईकची जाळी यांच्यातील एसी व्होल्टेज मोजावे. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर दोष सापडेपर्यंत वादकाला गिटार हातात घेऊ देऊ नये. बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तमच. मात्र तो अर्थिंगच्या जागी नव्हे, अर्थिंगच्या जोडीला हवा.

धंद्याची बाजू

मोर्ली, बॉस आणि कॅनडाची रेडियल या कंपन्यांच्या अशा पेट्या बाजारात आहेत. रेडियलच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरही असतो. त्यांच्याशी फक्त किमतीत स्पर्धा करू नये. ट्रान्सफॉर्मर नसलेली आणि असलेली अशा दोन पेट्यांचे दर वेगळे सांगावेत आणि फरक काय आहे तो गिऱ्हाइकाला समजावून द्यावा. पेटीच्या तळाला "अ : थेट" आणि "ब : ट्रान्सफॉर्मरमधून" असे लिहून चिकटवावे. गिटारच्या तारांना अर्थिंग मिळते ते "अ" कडूनच, म्हणून अर्थिंगची खात्री असलेला ॲम्प्लिफायर "अ" ला लावण्यास सांगावे.

आणि एखादे गिऱ्हाईक म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर राहू द्या, पिनच कापून द्या," तर ते काम नाकारावे. तेवढ्या मजुरीने दुकान चालत नाही. दुकान चालते ते आपल्या हाताखालून गेलेल्या वस्तूवर लोकांचा जो भरवसा असतो त्यावर. पिन कापलेल्या प्लगने कोणाला शॉक बसला, तर तो भरवसा परत मिळत नाही आणि गेलेला माणूसही परत येत नाही.