कोरियांतील एक मंडळी
(पाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 5, वचनें 17 ते 42)

न्यायसभेनें प्रेषितांस कैद केलें व फटके मारविले. तरी त्यांनीं बोलणें सोडलें नाहीं आणि हातहि उगारला नाहीं. ज्या पेत्रानें बागेंत तरवार उपसली, तोच हा पेत्र!

कोरियांतील ख्रिस्ती लोकांवर असाच प्रसंग आला. जपाननें 1910 सालीं तो देश आपल्या राज्यास जोडला. 1 मार्च 1919 रोजीं 33 पुढाऱ्यांनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यांत 16 ख्रिस्ती होते. सर्व कांहीं शिस्तीनें व उघडपणें करावें, असें त्यांत बजाविलें होतें. सह्या करणारांनीं आपला ठिकाणा अधिकाऱ्यांस स्वतःच कळविला व ते निमूटपणें कैद झाले. पुढें गांवोगांव मिरवणुकी निघाल्या. कांहीं ठिकाणीं लोकांचा संयम सुटला, हेंहि सांगितलें पाहिजे.

15 एप्रिल रोजीं सैनिक जेआम-री ह्या खेड्यांत आले. त्यांनीं पुरुषांस मेथडिस्ट मंदिरांत जमविलें, गोळ्या घातल्या आणि मंदिर पेटविलें. वीसांहून अधिक माणसें मेलीं. कॅनडाचे मिशनरी डॉ. फ्रँक स्कोफिल्ड यांनीं तेथें जाऊन छायाचित्रें घेतलीं, म्हणून ही गोष्ट जगास दिसली. कोरिया 1945 सालीं जपानच्या सत्तेंतून सुटला.

पाठ शिकविणारानें वचन 41 जपून शिकवावें. प्रेषितांनीं आनंद केला तो स्वतः सोसलेल्या फटक्यांबद्दल. जेआम-रीच्या विधवांस आनंद करा म्हणून सांगण्याचा अधिकार ह्या वचनानें कोणासहि मिळत नाहीं.