सरपण, तणस आणि शेण : झाडीपट्टीतील जैवभाराचा विचार

वनस्पती आणि प्राणी यांच्यापासून मिळणाऱ्या, इंधन म्हणून उपयोगी पडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांना जैवभार म्हणतात. सरपण, गोवऱ्या, धानाचे तूस, तणस हे सारे जैवभारच होत. या दृष्टीने पाहता चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे दरिद्री नाहीत. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे आणि पूर्व चंद्रपूर हे धानाचे आगर आहे. तरीही २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र ज्या चंद्रपुरात उभे आहे, त्याच जिल्ह्यातील कित्येक माउली आजही मोळीसाठी रानात जातात. वाकून सरपण वेचणाऱ्या स्त्रीवर वाघाने झडप घातल्याची वार्ता ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत नवीन राहिलेली नाही. म्हणून ऊर्जेचा प्रश्न येथे केवळ विज्ञानाचा नाही; तो जीविताचाही आहे.

चुलीचा हिशेब

तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला मिळते. उरलेली वाऱ्यावर जाते आणि धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत उतरतो. यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्या दिल्या गेल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनाही आली. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्यास हाती पैसा नसला, की पावले परत रानाकडे वळतात. गावातच तयार होणाऱ्या इंधनाचे महत्त्व येथे लक्षात येते.

गोबरगॅस : जमा आणि खर्च

सुमारे २५ किलो ताज्या शेणात तितकेच पाणी कालवून ते हवाबंद टाकीत कुजविले असता साधारण १ घनमीटर वायू मिळतो. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. हा १ घनमीटर वायू सुमारे ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसची बरोबरी करतो. म्हणजे २ घनमीटरचे संयंत्र नीट चालले, तर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडरांचे काम होते.

मग अनेक संयंत्रे बंद का पडतात? त्यासाठी रोज ५० किलो शेण लागते. आपली गावठी जनावरे दिवसभर रानात चरतात. त्यांचे बरेच शेण तेथेच पडते. रात्रीच्या गोठ्यातून जनावरामागे पाच-सहा किलो शेण मिळाले, तर नऊ-दहा जनावरे हवीत. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक संयंत्र चालविणे हा त्यावरचा मार्ग आहे. निवासी शाळेला तर खरकटे आणि भाजीचा कचरा यांचीही जोड देता येते. थंडीत जंतूंचे काम मंदावते आणि वायू कमी मिळतो, हेही आधीच हिशेबात धरावे.

गोवरी जाळली की शेणातील नत्र धुरासोबत निघून जाते. गोबरगॅसमध्ये वायू चुलीला मिळतो आणि नत्रयुक्त मळी शेताला. एकाच शेणातून दोन्ही गोष्टी साधतात.

तूस आणि तणस : एक सावधगिरी

१०० किलो धान भरडले असता सुमारे २० किलो तूस निघते. ते जनावरांच्या खाण्यास निरुपयोगी. म्हणून उकड्या तांदळाच्या गिरण्यांत बॉयलरसाठी ते जाळणे योग्यच आहे. वजनाच्या मानाने ते फार जागा व्यापते, त्यामुळे ते दूर नेणे परवडत नाही. दाबून त्याचे ठोकळे करावे लागतात. औष्णिक केंद्रांत कोळशासोबत सुमारे ५ टक्के जैवभार जाळण्याचे धोरण केंद्र शासनाने २०२१ मध्ये आखले. त्यामुळे अशा ठोकळ्यांना गिऱ्हाईक मिळू शकते.

तणसाची गोष्ट वेगळी आहे. तणस हा गुरांचा चारा आहे. तो चांगल्या भावाने बाहेर गेला तर गुरे घटतील, गुरे घटली तर शेण घटेल, आणि शेणाबरोबर वायू व खत दोन्ही जातील. मोहफुलांपासून मद्यार्क आणि करंजाच्या बियांच्या तेलापासून डिझेलसारखे इंधन करता येते, हेही खरे. पण मोहफूल हे गरिबाचे अन्न आहे आणि उन्हाळ्यातील रोख कमाईही. माणसाच्या ताटातील आणि गुराच्या दावणीतील वस्तू इंधनात घालण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

निर्णय कोणाचा?

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली. रानातून काय आणि किती घ्यावे हे गावाने एकत्र बसून ठरवावे, हा त्या अनुभवाचा धडा आहे. इंधनालाही तोच न्याय लागू पडतो.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकजण आज नोकरीनिमित्त शहरात आहेत. सुटीत गावी गेल्यावर त्यांनी एक छोटी नोंद करावी : घरात महिन्याला सरपण किती लागते, ते कोण आणते, गोठ्यात शेण किती जमते आणि त्यातील किती जाळले जाते. ही वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर संयंत्र कोठे व कोणाकोणात बांधावे, याची चर्चा अंदाजावर न राहता आकड्यांवर होईल. मोळीसाठी रानात जाणाऱ्या माउलीच्या दहा फेऱ्यांपैकी पाच जरी वाचल्या, तरी आपण शाळेत गिरविलेले गणित कामी आले असे म्हणता येईल.