अरण्यातील वाट आणि हातातील काठी

बेळगावहून नैर्ऋत्येस जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाऊ लागले की पठार मागे पडते आणि सह्याद्रीचे दाट अरण्य सुरू होते. याच खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वळते, तर भीमगडाच्या परिसरातून निघणारी म्हादई पश्चिमेस गोव्याकडे धावते. एकाच तालुक्याचे पाणी दोन समुद्रांस मिळते, यावरून तेथील चढउतारांची कल्पना यावी. अशा वाटेने पाठीवर ओझे घेऊन जाणाऱ्यास काठी हा तिसरा पायच होय.

चढण दमवते, परंतु अधिक जपावे लागते ते उतरणीस. उतरताना प्रत्येक पावलागणिक देहाचा व ओझ्याचा भार गुडघ्यांवर येतो. पाऊल टाकण्यापूर्वी काठी पुढे टेकल्यास त्यातील काही भार हात व खांदे उचलतात.

काठी निवडताना प्रथम लांबी पाहावी. सपाट जमिनीवर काठी उभी धरली असता कोपर काटकोनात राहिले पाहिजे. चढणीस ती थोडी आखूड व उतरणीस थोडी लांब असावी. बाजारातील सरकत्या काठ्यांत ही सोय असते. त्यांपैकी ॲल्युमिनियमची काठी ताण पडल्यास बहुधा वाकते. कार्बन तंतूंची काठी हलकी खरी, पण ती एकाएकी मोडू शकते. भरीव, सरळ व वाळलेला वेळूही उत्तम. तो खांद्याइतका उंच घ्यावा, म्हणजे चढताना खाली व उतरताना वर धरता येतो. मात्र तो घरूनच न्यावा. भीमगडचे अरण्य अभयारण्य आहे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील झाडांस संरक्षण आहे. तेथे जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगीही घ्यावी.

पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरते. तेथे काठी टेकून, दाबून पाहावी व मगच तिच्यावर भार टाकावा. ओढा ओलांडताना तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूस करून काठी पुढे रोवावी; दोन पाय व काठी या तिहींपैकी एका वेळी एकच हलवावे. मनगटातील पट्टा तेथे काढून ठेवावा, कारण अडकलेली काठी माणसालाही ओढते.

पाणी गढूळ, वेगवान व गुडघ्यांच्या वर असेल, तर मागे फिरावे. बळकट काठी हाती आहे म्हणून पाण्याचा जोर कमी होत नाही. काठी आधार देते. निर्णय आपणच करावयाचा असतो.